वरळीचा तिसरा मजला, २०२०

आजची सगळी माहिती इथंच ठेवून चला. लस कधी आली, दुसरी लाट केवढी होती, कोण वाचलं आणि कोण गेलं, यातलं काहीही बरोबर नेता येणार नाही. ज्या संध्याकाळी तुम्ही उतरणार आहात त्या संध्याकाळी उद्याचं कुणालाच काही ठाऊक नाही. त्या दिवसांत सगळ्यात जड काय असेल तर हे ठाऊक नसणंच.

मंगळवार, २४ मार्च २०२०. संध्याकाळचे पावणेआठ. तुम्ही वरळीच्या एका बीडीडी चाळीचा जिना चढताय. कठड्याला हात लावायचा नाही, हे गेल्या आठ दिवसांत अंगवळणी पडलंय, म्हणून पिशवी सावरत मधूनच चढताय. तिसरा मजला. मधोमध लांब, अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मजल्याचे संडास सामायिक. तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. एक खोली एकशे साठ चौरस फुटांची. तुमच्या खोलीत एक कॉट, कॉटखाली पेट्या, ओटा, कोपऱ्यात मोरी, मोरीच्या कडेला पाण्याचं पिंप आणि भिंतीवर टीव्ही. आई, बायको आणि दहावीतली मुलगी घरात आहेत. वडील नाहीत. ते शिमग्याला संगमेश्वराकडे गावी गेले, पालखी नाचवून पाडव्यापर्यंत येतो म्हणाले, आणि काल जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या.

दाराशीच बायको अडवते. ‘अहो, आधी मोरीत. कशाला हात लावू नका.’ पिशवीतल्या दुधाच्या पिशव्या ती चिमटीत धरून नळाखाली घेते, साबण लावून धुते, पुन्हा धुते. तुमचे कपडे थेट बादलीत. भाजी मिठाच्या पाण्यात. मोबाइलवर सॅनिटायझरचे दोन थेंब. ही बाटली तुम्हाला महामुश्किलीनं मिळाली. दोनशे मिलीला शंभर रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत असं सरकारनं तीनच दिवसांपूर्वी ठरवून दिलंय, पण दुकानात बाटलीच नसेल तर भाव कुणाला विचारायचा? म्हणून ती बाटली देवांच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवलीय. मुलीनं हात लावायचा नाही.

आठ वाजतात. मजल्यावरच्या सगळ्या दारांतून एकच आवाज येतो. आज रात्री बारापासून सगळा देश बंद, एकवीस दिवस. घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. एकवीस दिवस पाळले नाहीत तर देश एकवीस वर्षं मागं जाईल. भाषण अजून चालू आहे, तोवर समोरच्या खोलीतला पोरगा चपला घालून निघालासुद्धा. वाण्याकडे. त्याच्यामागं आणखी दोन. तुम्ही आईकडे बघता, आई डब्यांकडे बघते. तांदूळ आहेत, डाळ आठवडाभर पुरेल, तेल कमी आहे, गॅस कधी लागला ते कुणालाच नीट आठवत नाही. बायको सिलिंडर थोडा उचलून बघते. तुम्हीही जिना उतरता.

वाण्याच्या दुकानापुढं खडूनं गोल आखलेत, पण त्या गोलांत आज कुणी उभं नाही. माणसाला माणूस चिकटलाय. नाकाला रुमाल बांधलेली सत्तर-ऐंशी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढं करताहेत. दुकान उद्याही उघडं राहणार, किराणा-दूध-औषधं बंद होणार नाहीत, हे सांगितलं जातंय, पण सांगणारा आवाज इथवर पोचत नाही. गेल्या दोन दिवसांत काय काय बंद झालं ते या माणसांनी डोळ्यांनी बघितलंय. रविवारी रात्री लोकल थांबली. युद्धात, दंगलीत, बॉम्बस्फोटानंतर दुसऱ्या दिवशीही धावलेली लोकल थांबू शकते म्हणजे काहीही थांबू शकतं, असा सरळ हिशेब इथं प्रत्येकाच्या डोक्यात आहे. त्यांना अडाणी म्हणू नका. त्या रात्री तिथं उभं राहून तुम्हीही पाच किलो तेलाचा डबा उचलता आणि मागच्या म्हाताऱ्या बाईंना एक पिशवीही उरली नाही, हे पाठ फिरवल्यावर तुमच्या लक्षात येतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा.

दादरचा फुलबाजार बंद आहे, म्हणून झेंडू नाही. कडुलिंबाचा पाला मात्र मैदानाजवळच्या झाडाचा कुणीतरी आणलाय आणि पॅसेजमध्ये एका स्टुलावर ठेवून दिलाय. ज्याला हवा त्यानं न्यावा, हातात हात नको. साखरगाठी गेल्या आठवड्यातच आणून ठेवल्या होत्या. बायको खिडकीतून गुढी उभारते. खाली रस्ता रिकामा. गिरगावची शोभायात्रा रद्द झालीय, ढोल कुठंच नाहीत. टीव्हीवर एक चांगली बातमी लागते: राज्यात ९ मार्चला सापडलेले पहिले दोन रुग्ण, दुबईहून आलेलं पुण्याचं जोडपं, बरं होऊन आज नायडू रुग्णालयातून घरी चाललंय. आई टीव्हीलाच हात जोडते. मग श्रीखंडाच्या वाट्या भरल्या जातात आणि सगळ्यांचे हात एकदम थबकतात. दरवर्षी तुमच्याकडून समोर हवालदारांकडे, शेजारी, पॅसेजच्या टोकाच्या मावशींकडे वाटी जाते आणि त्यांच्याकडून पुरणपोळी येते. आज द्यायची की नाही? चाळीत असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आई म्हणते, ‘झाकून ठेव. संध्याकाळी बघू.’ संध्याकाळी कुणी बघत नाही.

इथं जरा थांबा, कारण या सगळ्याचं मूळ इथं आहे. ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ असं टीव्ही, फोन, मुख्यमंत्री, सिनेमातले नट, सगळे कळकळीनं सांगताहेत. सांगणं योग्यच आहे. पण चाळीतल्या माणसाचं घर खोलीत मावलेलंच नसतं. खोलीत ओटा, देव आणि कॉट. बाकीचं घर पॅसेजमध्ये, जिन्यावर, जांबोरी मैदानात, नाक्यावर. उन्हाळ्याच्या रात्री पुरुष पॅसेजमध्ये झोपतात, पोरं जिन्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतात, म्हाताऱ्या दारात बसून तांदूळ निवडतात, दिवसभर दारं उघडी असतात. कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या पोराची नोकरी गेली, हे सांगावं लागत नाही, दिसतं. ‘घरात राहा’ म्हटल्यावर बंगल्यातला माणूस घरात गेला. चाळीतल्या माणसाचं अर्धंअधिक घरच त्या रात्री त्याला बंद झालं, आणि उरलेल्या एकशे साठ फुटांत चार-सहा माणसं चोवीस तास बसली. त्या दिवसांबद्दल आपण आता निवांतपणा, स्वच्छ आकाश, खाडीतले फ्लेमिंगो आणि फेटलेली कॉफी आठवतो, तेव्हा या खोल्या आठवणीतून गळतात. मला ते सहन होत नाही, म्हणून तुम्हाला इथं आणलंय.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. घरात राहता येतं, पण संडास घरात नाही.

पहाटे सव्वापाच. तुम्ही बादली घेऊन दार उघडता आणि आधी दोन्ही बाजूंना बघता. पॅसेज रिकामा आहे. गेल्या महिन्यात इथं या वेळी रांग असायची आणि रांगेत क्रिकेट, राजकारण, पाण्याचा दाब असे सगळे विषय व्हायचे. आता प्रत्येकानं आपापली वेळ शोधलीय. कुणी साडेचारला उठतो, कुणी दुपारी जेवणाच्या वेळी जातो. तरी दोघे-तिघे भेटतातच. बादल्या अंतरावर ठेवायच्या, माणसानं दारात उभं राहायचं, आतला बाहेर आला की पाच मिनिटं थांबायचं. कडी उघडायला तुम्ही वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा आणलाय. हेही जुनंच वर्तमानपत्र, कारण नवं येत नाही. कागदावरून रोग येतो अशी भीती पसरली आणि मुंबईत पेपर घरोघर येणंच थांबलं. कडीवर तो कागद धरून तुम्ही दार ओढता, कागद कोपऱ्यातल्या डब्यात टाकता. नळाला हात लावावाच लागतो. मग कोपरानं नळ बंद करायचा प्रयत्न करता आणि पाणी गळत राहतं. दारामागं बायकोनं काल फिनेलची बाटली टांगली होती. ती कुणीतरी अर्धी संपवलीय, आणि त्याचा तुम्हाला राग येत नाही, हायसं वाटतं. म्हणजे दुसरेही धुताहेत.

परतताना घशात खवखवतं. साधी खवखव. काल रात्री पंख्याखाली झोपलात, तिखट खाल्लंत, फिनेलचा वास गेला, कारणं शंभर. पण पॅसेजमध्ये तुम्ही खोकू शकत नाही. वीस दारं आहेत आणि प्रत्येक दारामागं कुणीतरी जागं आहे. तुम्ही श्वास धरून चालता, डोळ्यांत पाणी येतं, खोलीत शिरून दार लावता, उशीत तोंड खुपसता आणि मग खोकता. बायको उठून बसते. काही बोलत नाही. कपाटातून थर्मामीटर काढते. आकडा बघायला दोघंही मोबाइलचा उजेड धरता. ताप नाही. तरी पुढचे तीन दिवस तुम्ही दर दोन तासांनी काहीतरी हुंगून बघता. कापूर, कांदा, उदबत्ती. वास येतोय ना?

खोकला या दिवसांत सगळीकडेच आहे. कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज, मग सूचना. आईला ते रोज नवं वाटतं. ती गावी वडिलांना फोन लावते, कानाशी धरते आणि दचकते: ‘अरे, हे खोकतायत!’ ते नव्हे, कंपनीची टेप आहे, असं सांगितलं तरी तिचा विश्वास बसायला वडिलांचा आवाज यावा लागतो. वडील सांगतात, गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकलेत, रात्री पोरं पाळीनं पहारा करतात. मुंबईहून चोरून-लपून दोघे पोचले, तर त्यांना घरी न नेता शाळेत ठेवलंय, चौदा दिवस. जेवण शाळेच्या पायरीवर ठेवायचं. ‘तुम्ही कुणी येऊ नका,’ वडील म्हणतात आणि आवाज खाली आणतात. ‘लोकांना आवडणार नाही.’ ज्या गावाच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला तुम्ही दोन महिन्यांचा पगार दिलात, तेच हे गाव. वडिलांचा दोष नाही. गावाचाही नाही. गावात दवाखाना आठवड्यातून दोन दिवस उघडतो. मुंबईनं आजार पाठवला तर तिथं तो झेलणार कोण?

साथ आली की मुंबईचा माणूस गावाकडे धावतो, हे शहराला जुनं आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. तेव्हा आगगाड्या चालू होत्या. त्याच प्लेगापायी फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला, आणि त्याच सालच्या जूनमध्ये पुण्यात घरझडत्यांचा जाच चाफेकरांच्या गोळीपर्यंत गेला. राज्य सरकारनं मार्चच्या मध्यावर लागू केला तो हाच कायदा, एकशे तेवीस वर्षांचा. शहरात मजुरांना राहण्यालायक जागा नाही हेही प्लेगनंच सगळ्यांना नीट दाखवलं. मग सुधारणा करणारा ट्रस्ट आला, आणि पुढं १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. साथीनं शिकवलेल्या गोष्टीतून उभी राहिलेली ही जागा शंभर वर्षांनी पुन्हा साथीपुढं उभी आहे, आणि संडास अजून सामायिकच आहे.

मार्च संपतो. तुम्ही लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेब बघता. एरवी ३१ मार्चला रात्री अकरापर्यंत बसावं लागतं, यंदा कॉटवर बसून मांडीवरच्या उशीवर साहेबांचा जुना लॅपटॉप ठेवलाय. मुलीला अभ्यासाला कॉट हवी, आईला पाठ टेकायला कॉट हवी. मुलीचा दहावीचा एकच पेपर राहिलाय, भूगोलाचा. २३ मार्चला होता, पुढं ढकलला. कधी होणार ते माहीत नाही, म्हणून तिला पुस्तक मिटताही येत नाही आणि वाचवतही नाही. ब्राझीलचं हवामान तिनं इतक्या वेळा वाचलंय की आजीलाही पाठ झालंय. एका दुपारी ती विचारते, ‘बाबा, पेपर झालाच नाही तर मी पास की नापास?’ तुम्ही ‘होईल गं’ म्हणता. दुसरं काहीही विचारलं तरी तुमच्याकडे सध्या हेच उत्तर आहे. पगार होईल? होईल. रिझर्व्ह बँकेनं तीन महिने हप्ते पुढं ढकलायची मुभा दिलीय, त्यावर व्याज लागेल का? बघू.

आणि फोन. तुमच्या फोनवर दिवसाला शेकडो मेसेज पडतात. गरम पाणी प्या, विषाणू घशात चार दिवस राहतो. लसूण खा. कोंबडी खाऊ नका. कोंबडीची अफवा तर फेब्रुवारीपासूनची, तिनं पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. एका रात्री मेसेज येतो की दहा वाजल्यानंतर हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, कुणी बाहेर थांबू नये, वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत. तुम्हाला हे खोटं आहे असं ऐंशी टक्के वाटतं. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी तुम्ही खिडकी लावता. आई दोरीवरचं सगळं काढते, अर्धवट ओलं, आणि खोलीत खुर्चीवर, कॉटच्या दांडीवर, दाराच्या मुठीवर पसरते. समोरच्या चाळीतही एकेक दोरी रिकामी होताना दिसते. रात्रभर हेलिकॉप्टर येत नाही. ओल्या कपड्यांच्या वासात सगळे तळमळत पडतात. कुणी कुणाला हसत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

३० मार्चला वरळी कोळीवाडा सील होतो. बातमी टीव्हीच्या आधी नाक्यावरून येते. रस्त्यावर बांबू, पोलीस, आतलं कुणी बाहेर नाही, बाहेरचं कुणी आत नाही. कोळीवाडा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर नसला तरी परका नाही. बुधवारी-शुक्रवारी पाटी घेऊन जी मावशी जिन्यात ओरडायची, ती तिथली. बायको आठवायला लागते, शेवटची मांदेली कधी घेतली? कोणत्या तारखेला? पैसे सुटे दिले होते का? तिनं परत दिलेली नोट कुठं ठेवली? मग एकवीस की चौदा अशी दिवसांची मोजदाद चालते. संध्याकाळी आई हळूच म्हणते, ‘तिचा नंबर कुणाकडे असेल तर विचारा हो, बरी आहे का.’ नंबर कुणाकडेच नाही. इतक्या वर्षांत तिचं नावही कुणी विचारलेलं नाही.

५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचे आहेत. एकदम एवढे दिवे गेले आणि आले तर ग्रीड पडेल, अशी काळजी ऊर्जामंत्र्यांनी बोलून दाखवलीय, म्हणून पंखा चालूच ठेवा, फ्रिज चालूच ठेवा असे मेसेज फिरतात. मुलगी पणत्या लावते. पॅसेजमध्ये बऱ्याच दिवसांनी सगळी दारं एकदम उघडलीत, आणि प्रत्येक उंबरठ्यावर एक ज्योत. त्या नऊ मिनिटांत लोक एकमेकांकडे नीट बघून घेतात. मास्कच्या वरचे डोळेच दिसतात, पण कोण वाळलंय ते कळतं. टोकाच्या मावशी वाळल्यात. त्या नाक्यापलीकडच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करतात. सोसायटीनं मार्चमध्येच कामवाल्यांना गेट बंद केलं. दोन घरांनी पगार देऊ असं कळवलंय, एकानं फोन उचलला नाही, एकानं ‘काम नाही तर पगार कसला’ असं विचारलं. शिवभोजन थाळी आता पाच रुपयांना मिळते, पण केंद्रापर्यंत जायचं तर वाटेत नाकाबंदी. मावशी हे सगळं सांगत नाहीत. विचारल्यावर ‘आहे की घरात’ म्हणतात.

समोरच्या हवालदारांचं आता बघा.

रात्री साडेअकराला जिन्यावर बूट वाजतात. तुमचं दार फटीपुरतं उघडं आहे, वाऱ्यासाठी. बंदोबस्तावरून ते आलेत, बारा तासांहून जास्त झाले असतील. दारात त्यांची बायको उभी आहे, हातात बादली. ते आत जात नाहीत. पट्टा काढतात, टोपी काढतात, मास्क कानावरून सोडवून साबणाच्या पाण्यात टाकतात. मग गणवेशासकट पॅसेजच्या टोकाला नळाकडे जातात आणि अंगावर पाणी घेतात. लुंगी नेसून येतात. धाकटा मुलगा, पाचेक वर्षांचा, आईच्या मागून बघतोय. त्याला आत ओढलं जातं. हवालदार दारातच बसून जेवतात, ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि जेवून तिथंच सतरंजी टाकतात. पॅसेजमध्ये झोपणारे आता ते एकटेच. तुम्ही फटीतून विचारता, ‘दादा, बरं आहे ना?’ ते म्हणतात, ‘पाय गेलेत. बाकी ठीक. लोक ऐकत नाहीत हो, औषधाचा जुना कागद घेऊन फिरतात.’ मग थोड्या वेळानं, ‘दार लावून घ्या. मी दिवसभर कुणाकुणाला भेटलोय.’

तुम्ही दार लावता. २२ मार्चच्या रविवारी पाच वाजता याच पॅसेजमध्ये थाळ्या वाजल्या होत्या, डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी, पोलिसांसाठी, आणि हवालदारांना कुणीतरी मधोमध उभं केलं होतं. ते लाजले होते.

एप्रिल पुढं सरकतो. आठ तारखेपासून मुंबईत बाहेर पडताना मास्क सक्तीचा. बायको आईच्या जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवते, मजल्यावरच्या सगळ्यांना दोन-दोन. बारा तारखेला भूगोलाचा पेपर रद्द झाल्याचं कळतं. मुलगी ओरडत नाही, नाचत नाही, पुस्तक कपाटात ठेवते आणि दुपारभर झोपते. चौदा तारखेला मुदत वाढते, ३ मेपर्यंत. त्याच दिवशी बांद्रा स्टेशनबाहेर गावी जाण्यासाठी जमलेले हजारो मजूर टीव्हीवर दिसतात. आई विचारते, ‘एवढ्यांना कुणी सांगितलं की गाडी आहे म्हणून?’ आंबेडकर जयंती यंदा घराघरांत, खिडकीत मेणबत्त्या. मैदान रिकामं.

आणि मग एका सकाळी हवालदार ड्युटीवर जात नाहीत. अंग दुखतंय म्हणतात. दोन दिवसांनी स्वॅब, आणखी दोन दिवसांनी रिपोर्ट. पॉझिटिव्ह.

ती बातमी वीस खोल्यांत पोचायला किती वेळ लागतो? हवालदारांची बायको फोन ठेवते, बाहेर येते आणि पॅसेजमधली दारं एकामागून एक लागताना ऐकते. तुमचं दारही त्यातलं एक. मुलगी दाराशी उभी होती, तिला तुम्ही दंडाला धरून आत घेतलंत आणि कडी लावलीत. खाली अँब्युलन्सचा भोंगा. पांढऱ्या पोशाखातली माणसं जिना चढतात, चेहरे दिसत नाहीत. सगळी चाळ खिडकीत. हवालदार स्वतः चालत उतरतात, एका हातात पिशवी. वर बघत नाहीत. बायको आणि दोन मुलं दुसऱ्या गाडीतून महापालिकेच्या विलगीकरण केंद्रात. मागोमाग फवारणीवाला येतो, कडीपासून कठड्यापर्यंत सगळं भिजवतो. जिन्याला बांबू बांधला जातो, ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा फलक लागतो. कोळीवाड्याला झालं ते आता तुम्हाला झालंय. नाक्यावरचा दूधवाला पिशव्या बांबूच्या अलीकडे ठेवून चार पावलं मागं सरतो, आणि त्या चार पावलांचा घाव कसा बसतो ते तुम्हाला त्या क्षणी कळतं.

महापालिकेच्या आरोग्य सेविका रोज येतात. साधी साडी, वर एप्रन, हातात कपाळासमोर धरायचं यंत्र आणि वही. प्रत्येक दारात तेच प्रश्न: ताप? खोकला? वय साठच्या वर कोण? शुगर, बीपी? त्यांच्या स्वतःच्या चपला झिजल्यात आणि मास्क धुऊन धुऊन पातळ झालाय. आई त्यांना पाणी विचारते, त्या नको म्हणतात. घेतलं तर मास्क काढावा लागेल.

हवालदार वाचतात. फोनवर आवाज खोल येतो, पण येतो. त्यांच्या बायको-मुलांचे रिपोर्ट निगेटिव्ह. केंद्रातले चौदा दिवस संपवून ती घरी येणार आहेत, आणि घरी आणखी काही दिवस खोलीतच राहायचं आहे. आदल्या संध्याकाळी मजल्यावरची सगळी आपापल्या दारात उभी राहतात. एकानं आधीच कमिटीकडे तक्रार केलीय की त्यांना इतक्यात आणू नये. त्याची आई अंथरुणावर आहे, दम्याची पेशंट. तो काही वाईट माणूस नाही, पण त्याचा आवाज चढलाय.

‘संडासाचं काय? तेच नळ, तीच कडी. माझ्या आईला काय झालं तर?’

कुणीच बोलत नाही. तुम्ही काहीतरी सुरुवात करता, ‘निगेटिव्ह आहेत म्हणजे...’ आणि वाक्य पुरं करत नाही, कारण निगेटिव्हचा अर्थ तुम्हालाही नक्की माहीत नाही.

तेव्हा टोकाच्या मावशी बोलतात. हातात झाडू आहे, पदर कमरेला खोचलेला. ‘शेवटचा संडास त्यांचा. खडूनं लिहा दारावर. आपण बाकीचे वापरू. रोज दोनदा मी धुईन. मला सध्या काम कुठंय?’

‘मावशी, तुमचं वय काय, तुम्ही कशाला...’

‘मग तू धुतोस?’

तो गप्प होतो. थोड्या वेळानं म्हणतो, ‘सकाळचं मी धुतो. संध्याकाळचं तुम्ही.’ आणि मग एकदम सगळ्यांना बोलायचं असतं. पाण्याचं पिंप कोण भरणार, कचरा वेगळ्या पिशवीत कोण खाली नेणार, हातमोजे कुणाकडे आहेत, फिनेलची वर्गणी किती. बायको मध्येच म्हणते, ‘संध्याकाळचा डबा आमच्याकडून. त्यांच्या दाराशी स्टूल ठेवते, त्यावर ठेवून बेल वाजवायची आणि मागं यायचं. सकाळचं तुम्ही वाटून घ्या.’ आई आतून विचारते, भाकरी की चपाती. मावशी पैसे घेणार नाहीत, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांचं महिन्याचं वाणसामान भरायचं, हे ठरवताना मात्र मावशींना वगळून कुजबुज होते आणि ती त्यांना ऐकू जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदारवहिनी मुलांना घेऊन जिना चढतात. दारं उघडी आहेत. कुणी पुढं होत नाही, कुणी मागंही जात नाही. त्या खोलीत शिरतात, दार लोटतात. संध्याकाळी स्टुलावर डबा ठेवून तुमची मुलगी बेल दाबते, मागं सरून भिंतीला टेकते आणि थांबते. दार थोडं उघडतं, हात बाहेर येतो, झाकण उचललं जातं, वास घेतला जातो, आणि आतून वहिनींचा आवाज येतो, जरा मोठ्यानं, पॅसेजभर ऐकू जाईल असा:

‘उद्यापासून तिखट कमी घालायला सांग गं आईला. धाकटा खात नाही.’